वाचकांचे प्रश्न : वसीला, शफाअत आणि दर्ग्यावरचं मागणं

अल्लाह आणि माणूस यांच्या मधे कुणी असावं का, या मुद्द्याभोवती फिरणारी पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. काही मुस्लिम वाचकांची आहेत, काही गावच्या उरुसाला नेमानं जाणाऱ्या हिंदू वाचकांची. वसीला म्हणजे अल्लाहपर्यंत पोचायचं साधन, शफाअत म्हणजे कुणासाठी केलेली रदबदली, शिर्क म्हणजे अल्लाहच्या बरोबरीनं दुसऱ्या कुणाला मानणं. कंसातले आकडे कुरआनच्या सूरहचे आणि आयतींचे आहेत, (स.) आणि (अ.) या पैगंबरांच्या नावापुढच्या आदरार्थी खुणा. घरात मराठी किंवा उर्दू अनुवाद असेल तर ताडून पाहा.

प्रश्न : 'पिराला मागणं म्हणजे शिर्क' असं माझा एक मित्र म्हणतो. 'शिर्क कसला, तो वसीला' असं दुसरा म्हणतो. दोघंही मुसलमान आणि दोघंही कुरआनचाच दाखला देतात. मग बरोबर कोण? (कराड)

पहिला मित्र बहुधा ३९:३ सांगत असेल. मक्केचे मूर्तिपूजक म्हणायचे, 'आम्ही यांची भक्ती करतो ती यांनी आम्हाला अल्लाहच्या जवळ न्यावं एवढ्यासाठीच.' कुरआन ही सबब मान्य करत नाही. दुसरा ५:३५ सांगत असेल : अल्लाहचं भय बाळगा आणि त्याच्यापर्यंत पोचायला वसीला शोधा. दोन्ही आयती आहेतच. वसीला म्हणून काय काय चालतं हा वादाचा विषय आहे, आणि मागणाऱ्याच्या तोंडचं वाक्य ऐकल्याशिवाय तो सुटत नाही. त्यामुळे दर्ग्यावर गेला होतात की नाही यापेक्षा तिथे उभं राहून काय म्हणालात, हे आधी विचारावं लागतं.

समजा कुणी म्हणालं, 'या अल्लाह, तू रहमान आहेस, रहीम आहेस, त्या नावांनी तुला मागतो.' याला कुठल्याही जमातीची हरकत नाही, ७:१८० मध्ये तशी आज्ञाच आहे. स्वतःच्या चांगल्या कामाचा हवाला देणंही सर्वमान्य. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत (हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं आणि हकीकती) गुहेत अडकलेल्या तिघांची हकीकत येते. तोंडावर धोंड पडलेली. पहिल्यानं सांगितलं, म्हातारे आईबाप झोपले होते म्हणून दुधाचं भांडं हातात धरून पहाटेपर्यंत उभा राहिलो, पोरांनाही आधी पाजलं नाही. दुसऱ्यानं सांगितलं, चुलतबहिणीवर मन गेलं होतं, ऐन वेळी अल्लाहच्या भीतीनं मागे फिरलो. तिसऱ्याकडे एका मजुराची मजुरी राहिली होती. ती त्यानं वाढवली आणि मजूर परतला तेव्हा झालेली सगळी गुरंढोरं त्याच्या हवाली केली. 'हे तुझ्यासाठी केलं असेल तर वाट मोकळी कर,' असं प्रत्येक जण म्हणाला आणि दर दुआगणिक धोंड थोडी थोडी सरकली. आपल्याकडे हा वसीला सर्वांत कमी वापरला जातो, कारण त्याला आधी काहीतरी केलेलं असावं लागतं.

हयात माणसाला 'माझ्यासाठी दुआ करा' म्हणणंही वादात नाही. याकूब (अ.) यांच्या मुलांनी वडिलांना तेच सांगितलं (१२:९७). यमनहून येणारे उवैस करनी भेटले तर त्यांच्याकडून मगफिरतीची (माफीची) दुआ करून घे, असं पैगंबरांनी (स.) हजरत उमर यांना सांगून ठेवलं होतं. उमर यांचा दर्जा उवैसांपेक्षा मोठा, तरी.

यापुढे वाटा फुटतात. 'या अल्लाह, तुझ्या या वलीच्या वसील्यानं माझं काम कर' या वाक्यात मागणं अल्लाहकडेच आहे, नाव मात्र दिवंगत बुजुर्गाचं आहे. बरेलवी, म्हणजे आपल्याकडे स्वतःला सुन्नत जमात म्हणवणारे, याला चांगलं मानतात. देवबंदचे उलेमाही याला जायज म्हणतात. खलील अहमद सहारनपुरी यांनी हिजाजहून (मक्का-मदिनेच्या प्रदेशातून) आलेल्या प्रश्नांना १९०७ च्या सुमारास लेखी उत्तरं दिली, त्यांत नबी आणि वली यांचा वसीला त्यांच्या हयातीत आणि नंतरही घेता येतो असं स्पष्ट लिहिलं आहे. हे ऐकून पुष्कळ देवबंदी घरांतही आश्चर्य वाटतं. अहले हदीस आणि सलफी, म्हणजे थेट कुरआन-हदीसवर भर देणारे गट, हे नाकारतात. मात्र ज्यांचा शब्द ते मानतात त्या येमेनच्या शौकानींनी (१७५९–१८३४) असा वसीला घ्यायला मुभा दिली. ज्यांच्या नावावरून 'वहाबी' शब्द आला त्या खुद्द नज्दच्या मुहंमद बिन अब्दुल वहाब (१७०३–१७९२) यांनी हा फिक्हचा (धर्मनियमांचा) मसला आहे, आम्ही याला मकरूह (नापसंत) समजतो पण करणाऱ्याला अडवत नाही, असं म्हणून ठेवलं आहे. तेव्हा या वाक्यावरून कुणाला मुश्रिक (शिर्क करणारा) ठरवणारा आपल्याच इमामांच्या दोन पावलं पुढे गेलेला असतो.

याहून वेगळं वाक्य : 'या पीर, मला मूल द्या.' इथे हाक आणि मागणं दोन्ही पिराला आहे. देवबंदी आणि अहले हदीस इथे ठाम विरोधात आहेत. बरेलवी उलेमांचं उत्तर असं की बोलणाऱ्याच्या मनात देणारा अल्लाहच असतो, वली निमित्तमात्र. पण वली स्वतःच्या बळावर, अल्लाहच्या परवानगीविना देतो असं मानलं, तर ते शिर्कच, हे बरेलवीही सांगतात. म्हणजे तुमच्या दोन्ही मित्रांचं इथपर्यंत जुळतं. बोलणाऱ्याच्या मनात नक्की काय आहे हे बाहेरून दिसत नाही, अडतं ते तिथे. आमचं मत विचाराल तर ज्या वाक्याचा बचाव मनातल्या हेतूवर टाकावा लागतो, ते वाक्य बदललेलं बरं. 'या वलीच्या वसील्यानं' हे वाक्य तयारच आहे.

हनफी घरांसाठी एक बारकावा (हनफी आणि शाफई हे सुन्नींच्या चार मजहबांपैकी, म्हणजे धर्मनियमांच्या परंपरांपैकी, दोन). दुआत 'ब-हक्के फलां' म्हणजे 'अमक्याच्या हक्कानं' म्हणणं हनफी फिक्हच्या जुन्या किताबांत मकरूह लिहिलं आहे, कारण निर्मात्यावर कुणाही मखलूकचा (निर्मिलेल्याचा) हक्क नसतो. नंतरच्या उलेमांनी इथे 'हक्क' म्हणजे मान असा अर्थ लावून वाट काढली. पण 'वसील्यानं' म्हटलं की प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : कलेक्टरला भेटायचं तर ओळखीचा माणूस लागतो. मग अल्लाहच्या दरबारात आपण थेट कसे जाणार? आमच्याकडे हे सगळेच सांगतात. (परभणी)

सगळेच सांगतात आणि म्हणूनच नीट तपासत नाहीत. कलेक्टरला ओळखीचा माणूस का लागतो? एक तर त्याला तुमची अडचण ठाऊक नसते. दुसरं, सगळं काम त्याला एकट्याला झेपत नाही. तिसरं, त्याचं मन कुणीतरी वळवावं लागतं. दमास्कसच्या इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांनी राजाच्या दरबारातल्या हुजऱ्यांबद्दल नेमका हाच मुद्दा मांडला : ही तिन्ही कारणं अल्लाहला लावलीत तर तुम्ही त्याच्यात उणीव दाखवताय. मात्र पैगंबर मधे आहेतच, हेही त्यांनी तिथेच लिहिलं आहे. संदेश त्यांच्यामार्फत आला, त्यांच्याविना तो कळला नसता. संदेश पोचवणारा दुवा मानणं भाग आहे, अर्ज पुढे सरकवणारा हुजऱ्या मानू नये.

कुरआनमध्ये २:१८६ उघडा. 'माझे दास तुला माझ्याविषयी विचारतील तर मी जवळच आहे.' इतर ठिकाणी, चंद्रकलांविषयी, दारूविषयी, खर्चाविषयी लोक विचारतात तेव्हा उत्तराआधी 'सांग' अशी पैगंबरांना आज्ञा येते. या आयतीत ती येत नाही. मुफस्सिरांनी (कुरआनच्या भाष्यकारांनी) हे आवर्जून टिपलं आहे. ५०:१६ मधलं 'मानेच्या शिरेहूनही जवळ' बहुतेकांना पाठ असतं.

वसील्याचे पुरस्कर्तेही कलेक्टरचा दाखला त्यांच्या गंभीर किताबांत वापरत नाहीत. ते म्हणतात, अल्लाह दूर आहे म्हणून आम्ही वसीला घेत नाही, त्याला जे प्रिय आहेत त्यांचं नाव घेतल्यानं दुआत अदब येतो म्हणून घेतो. हा युक्तिवाद वेगळा आहे आणि जास्त बळकट आहे.

प्रश्न : वसील्याच्या बाजूनं आंधळ्याची हदीस सांगतात, विरोधात हजरत अब्बास यांची. दोन्हींचा नीट खुलासा कराल का? (मालेगाव)

आंधळ्याची हदीस उस्मान बिन हुनैफ यांच्याकडून आली आहे. तिर्मिजी, इब्न माजा आणि मुसनद अहमद या संग्रहांत ती सापडते. दृष्टी गेलेला एक माणूस पैगंबरांकडे (स.) आला आणि दुआ करा म्हणाला. त्यांनी दोन पर्याय दिले : म्हणशील तर दुआ करतो, सबर केलास तर ते तुझ्यासाठी अधिक चांगलं. त्यानं दुआ मागितली. मग त्याला नीट वुजू करायला (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुवायला), दोन रकात नमाज पढायला आणि असं म्हणायला सांगितलं : या अल्लाह, तुझे नबी, रहमतीचे नबी मुहंमद यांच्याद्वारे मी तुला मागतो आणि तुझ्याकडे वळतो, या मुहंमद, माझ्या या गरजेसाठी मी तुमच्याद्वारे माझ्या रबकडे वळलो आहे, या अल्लाह, त्यांची शफाअत माझ्या बाबतीत कबूल कर.

एक बाजू 'नबींच्याद्वारे' या शब्दांवर बोट ठेवते. दुसरी बाजू शेवटच्या वाक्यावर. शफाअत कबूल कर म्हणजे पैगंबर तेव्हा त्याच्यासाठी दुआ करत होते, आणि तो त्यांच्याकडे चालत आला होता. हीच दुआ पैगंबरांच्या पश्चात हजरत उस्मान यांच्या खिलाफतीत कुणाला शिकवली गेली, अशी तबरानीच्या संग्रहात जोड आहे. वाद मुख्यतः त्या जोडीच्या सनदीवर (सांगणाऱ्यांच्या साखळीवर) आहे. मूळ हदीस दोन्ही बाजूंना मान्य आहे.

दुसरी हदीस बुखारीत, हजरत अनस यांची. हिजरी १८ मध्ये, म्हणजे इसवी ६३९ च्या सुमारास अरबस्तानात मोठा दुष्काळ पडला. 'राखेचं वर्ष' या नावानं तो ओळखला जातो. अवर्षण आलं की हजरत उमर पैगंबरांचे चुलते अब्बास यांना पुढे करून म्हणत : या अल्लाह, आम्ही आमच्या नबींच्या वसील्यानं पाऊस मागायचो आणि तू द्यायचास, आता नबींच्या चुलत्यांच्या वसील्यानं मागतो, पाऊस दे. पाऊस पडे. विरोधक विचारतात, पैगंबरांची कबर मदिनेतच, हाकेच्या अंतरावर होती, मग तिला सोडून अब्बास कशाला? याचा अर्थ वसीला हयात माणसाच्या दुआचा होता. पुरस्कर्ते म्हणतात, यावरून एवढंच सिद्ध होतं की नबींखेरीज इतरांचाही वसीला चालतो. पावसाची दुआ मैदानात सामूहिक होते, तिला पुढे उभा राहणारा हयात माणूस लागतोच.

आमच्या वाचनात विरोधकांचा प्रश्न अधिक टोकदार आहे. मात्र एखादी गोष्ट केली नाही, यावरून ती हराम ठरत नाही, हा उसूलही तितकाच पक्का आहे. चर्चासभेत या दोन हदीसींपैकी एकच सांगणारा वक्ता भेटला तर दुसरी त्याला विचारून पाहा.

प्रश्न : आम्ही कोकणी मुसलमान, शाफई. इथे वादविवाद मात्र सगळे उत्तर हिंदुस्तानातल्या हनफींचे ऐकायला मिळतात. आमच्या मजहबात काय आहे? (रत्नागिरी)

तुमची तक्रार रास्त आहे. तेराव्या शतकातल्या दमास्कसचे इमाम नववी (१२३३–१२७७) शाफई फिक्हचा मोठा आधार आहेत. मदिनेत पैगंबरांना सलाम केल्यावर त्यांचा वसीला घ्यावा आणि त्यांच्याकडे शफाअत मागावी, असं त्यांनी जियारतीच्या (कबरीच्या दर्शनाच्या) प्रकरणात लिहिलं आहे. सोबत ४:६४ ही आयत येते. शाफई काजी तकीउद्दीन सुबकी (मृत्यू १३५५) यांनी तर इब्न तैमियांना उत्तर म्हणून स्वतंत्र किताबच लिहिली. कबरीच्या जियारतीसाठी खास प्रवास करावा का, यावर तो वाद पेटला होता. इब्न तैमियांना १३२६ मध्ये याच मुद्द्यावर दमास्कसच्या किल्ल्यात कैद झाली आणि तिथेच त्यांचं निधन झालं. प्रवासाविरुद्धचा आधार म्हणजे तीन मशिदींची हदीस : मक्का, मदिना आणि अक्सा याखेरीज खास प्रवास करू नये. शाफईंचं बहुमत म्हणतं, ही बंदी इतर मशिदींपुरती आहे, जियारतीला लागू नाही.

माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) तुमच्याच मजहबाचे. त्यांनी अरबीत कुरआनवर भाष्य लिहिलं. त्यांच्या उरुसाला संदल घेऊन जाणाऱ्यांना आज ते वली म्हणून ठाऊक असतात. मुफस्सिर म्हणून ओळखणारे थोडे, याचं वाईट वाटतं.

प्रश्न : कयामतच्या दिवशी शफाअत होणार असेल तर २:२५५ मध्ये नकार का आहे? आणि शफाअत होणारच असेल तर पापाची भीती कशाला? (सोलापूर)

आयतुल कुर्सीत, म्हणजे याच २:२५५ मध्ये, नकार नाही, अट आहे : त्याच्या परवानगीविना त्याच्यापाशी शफाअत करणारा कोण? २१:२८ मध्ये दुसरी अट येते, ज्याच्यासाठी शफाअत व्हावी तो माणूसही अल्लाहला मंजूर हवा. ३९:४४ सांगतं की शफाअत सगळी अल्लाहच्याच हाती आहे. परवानगी देणारा, शफाअत करणारा निवडणारा आणि ती ऐकणारा एकच, असा हा मामला आहे. आपल्याकडच्या 'वशिल्या'चा अर्थ इथे लावला की सगळं उलटं कळतं.

बुखारी आणि मुस्लिममध्ये प्रसंग तपशिलानं आला आहे. हशरच्या (कयामतला सगळे जमतील त्या) मैदानात लोक बेजार होऊन आदम (अ.) यांच्याकडे जातील. ते आपली चूक आठवून नूह (अ.) यांच्याकडे पाठवतील, नूह इब्राहीमांकडे, ते मूसांकडे, मूसा ईसांकडे आणि ईसा (अ.) मुहंमद (स.) यांच्याकडे. ते आधी सजद्यात जातील. मग हुकूम होईल : डोकं वर करा, मागा, दिलं जाईल, शफाअत करा, कबूल होईल. म्हणजे सर्वांत मोठी शफाअतसुद्धा परवानगीची वाट पाहून सुरू होते. १७:७९ मधला 'मकामे महमूद' (प्रशंसनीय स्थान) तो हाच, असं बहुतेक मुफस्सिर मानतात.

माझ्या उम्मतीतल्या मोठे गुन्हे केलेल्यांसाठी माझी शफाअत आहे, ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजीत आहे. मुअतजिला पंथानं ती नाकारली, सुन्नी उलेमांनी स्वीकारली. पण नातं किंवा दर्जा इथे पुरत नाही. नूह यांच्या मुलासाठी बापाचा शब्द चालला नाही (११:४६). ज्यांनी पैगंबरांना हयातभर पाठीशी घातलं त्या चुलते अबू तालिब यांना शफाअतीनं शिक्षेत (अजाब) सूट मिळेल, सुटका नाही, असं बुखारीत आहे. आणि रबिया बिन काब यांनी जन्नतमध्ये तुमची सोबत हवी असं म्हटल्यावर पैगंबरांनी उत्तर दिलं : मग भरपूर सजदे करून मला मदत कर. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला यापेक्षा नेमकं उत्तर आमच्याकडे नाही.

प्रश्न : जनाजाला चाळीस माणसं हवीतच का? आमच्या छोट्या गावात तेवढी जमत नाहीत. (लातूर जिल्हा)

जनाजाची नमाज एका माणसानंही अदा होते. चाळीस ही अट नाही. मुस्लिम या संग्रहात इब्न अब्बास यांची हदीस आहे की शिर्क न करणारे चाळीस जण जनाजात उभे राहिले तर त्यांची शफाअत मय्यतीच्या बाबतीत कबूल होते. हजरत आयशा यांच्या हदीसीत हा आकडा शंभर आहे. इब्न अब्बास यांचा मुलगा वारला तेव्हा त्यांनी बाहेर किती माणसं जमली ते बघायला सांगितलं, चाळीस असतील असं कळल्यावर मग जनाजा बाहेर काढला.

माणसं कमी असतील तर तीन सफा (रांगा) करा. मालिक बिन हुबैरा हे सहाबी (पैगंबरांचे साथीदार) थोडेच लोक असले की त्यांचे तीन भाग पाडत, कारण तीन सफांची खुशखबर त्यांनी पैगंबरांकडून ऐकली होती. इमाम सोडून सहा असतील तर दोन-दोनच्या तीन. चूक होते ती ही की आकडा भरावा, मुंबईचे नातेवाईक पोचावेत म्हणून दफन रात्रभर लांबवतात. जनाजा लवकर उरका, ही बुखारीतली हदीस त्या वेळी कुणाला आठवत नाही.

जनाजाच्या नमाजेतल्या चार तकबिरींत ('अल्लाहु अकबर' म्हणण्यांत) तिसरीनंतरची दुआ हीच मुळात शफाअत आहे. नाबालिग मुलाच्या जनाजात उलट असतं. त्याला माफ करण्यासारखं काही नसतं, म्हणून त्यालाच आपल्यासाठी 'शाफिअंव व मुशफ्फआ' (शफाअत करणारा आणि जिची शफाअत कबूल होते असा) कर, असं म्हणतात. मुलगी असेल तर दुआतल्या 'इजअल्हु'चं (त्याला कर) 'इजअल्हा' (तिला कर) आणि शेवट 'शाफिअतंव व मुशफ्फअः' होतो. घाईत हा बदल बरेचदा राहून जातो.

प्रश्न : आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या पिराला नवस बोलतात, फेडताना बकरा कापून कंदुरी करतात. मौलाना म्हणतात हे हराम. मग आजवरचं सगळं वाया? (सांगली जिल्हा)

नवस, म्हणजे नज्र, ही इबादत आहे आणि ती फक्त अल्लाहसाठी होते, यावर चारही मजहब एक आहेत. दमास्कसचे हनफी फकीह इब्न आबिदीन (१७८४–१८३६) यांच्या प्रसिद्ध भाष्यात असं येतं की आवाम दिवंगत वलींच्या नावे तेल, मेणबत्त्या, पैसे यांचा नवस बोलते तो बातिल (निरर्थक) आहे. मात्र हेतू तिथल्या गरिबांवर खर्च करण्याचा असेल तर गोष्ट वेगळी. बरेलवी उलेमा म्हणतात, लोकांच्या बोलीतला हा 'नज्र' म्हणजे नजराणा, सवाब (पुण्य) पोचवणं, शरई नज्र नव्हे. तेव्हा शब्द दुरुस्त करा : 'या अल्लाह, माझा मुलगा बरा झाला तर तुझ्यासाठी इतक्या गरिबांना जेवण घालीन. त्याचा सवाब अमक्या बुजुर्गांना पोचव.' कापताना 'बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर' हवंच. दुसऱ्याच्या नावावर कापलेलं ५:३ प्रमाणे हराम.

खरी गल्लत पुढे होते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. खरी नज्र असेल तर हनफी फिक्हप्रमाणे ते मटण बोलणाऱ्यानं, त्याच्या आईबापांनी, मुलाबाळांनी आणि खाऊनपिऊन सुखी असलेल्यांनी खायचं नसतं. ते गरिबांचं आहे. कंदुरीत आधी घरचे आणि पाहुणे बसतात, मग वस्तीतले. नवस न बोलता नुसती नियाज (बुजुर्गांच्या नावे सवाबाचं जेवण) केली तर सगळ्यांना चालते. म्हणून घरच्यांनी जेवायचं असेल तर नवस बोलू नका, सरळ नियाज करा. बोललेला वैध नवस फेडणं अशक्यच झालं तर कसमेचा कफ्फारा, म्हणजे शपथ मोडल्याची भरपाई (५:८९) : दहा गरिबांना दोन वेळचं जेवण किंवा कपडे, तेही शक्य नसेल तर तीन रोजे, हनफींकडे सलग.

नवसानं नशीब बदलत नाही, त्यानं फक्त कंजुषाच्या खिशातून पैसा निघतो, अशा अर्थाची हदीस बुखारी-मुस्लिममध्ये आहे. जरा झोंबते, पण आहे. आजवर अजाणता झालेल्या गोष्टींसाठी तौबा पुरते, मागचे बकरे मोजत बसू नका.

प्रश्न : दर्ग्यावर गेल्यावर नेमकं काय करावं? गलेफ, चुंबन, सजदा, सगळंच दिसतं. (कोल्हापूर)

दर्गे मानणाऱ्यांच्याच किताबातून सांगतो, म्हणजे शंका नको. बरेलीचे अहमद रजा खान (१८५६–१९२१) लिहितात : पायथ्याच्या बाजूनं जावं, किमान चार हात अंतरावर चेहऱ्यासमोर उभं राहावं, मध्यम आवाजात सलाम करावा, दरूद (पैगंबरांसाठीची दुआ), फातिहा, सूरह इख्लास वगैरे पढून सवाब पोचवावा, मग त्यांच्या वसील्यानं अल्लाहकडे मागावं. मजारला हात लावू नये, चुंबन घेऊ नये. तवाफ (प्रदक्षिणा) नाजायज, सजदा हराम. अदबीच्या सजद्यावर त्यांची स्वतंत्र पुस्तिकाच आहे. चादरीबद्दल त्यांचं म्हणणं, आधीची चांगली असेल तर नवीन घालण्यापेक्षा तो पैसा गरिबाला देऊन सवाब पोचवावा. उरुसात एकावर एक पडणारे गलेफ पाहिले की हा फतवा त्यांच्याच चाहत्यांना वाचून दाखवावासा वाटतो.

मुजावराला धर्मात कसलाही अधिकार नाही. तो जागा राखतो, झाडलोट करतो. दुआ त्यानंच करायला हवी असं काही नसतं, आणि 'इतके दिले तर आत नेतो' हा शुद्ध व्यवहार आहे. बायकांच्या जियारतीबद्दल फकीहांत मतभेद आहेत. अहमद रजा खान विरोधात होते, कित्येक हनफी अटींवर परवानगी देतात. मुंबईच्या हाजी अली दर्ग्याच्या आतल्या भागातली स्त्रियांवरची बंदी मुंबई उच्च न्यायालयानं २६ ऑगस्ट २०१६ रोजी उठवली, तो निकाल समानतेच्या घटनात्मक हक्कावर आधारलेला आहे.

प्रश्न : शिया लोक 'या अली मदद' म्हणतात. ते कुठे बसतं? (पुणे)

शियांकडे इमामांची शफाअत आणि वसीला अकीद्याचा (श्रद्धेचा) भाग आहे. त्यांच्या दुआ-ए-तवस्सुलमध्ये पैगंबर, बीबी फातिमा आणि बारा इमाम अशा चौदा जणांना एकेक करून हाक येते आणि प्रत्येक वेळी शेवट एकच : अल्लाहपाशी आमची शफाअत करा. म्हणजे वर सांगितलेल्या 'वलीच्या वसील्यानं' आणि 'या पीर, द्या' या दोन वाक्यांच्या मधलं हे रूप. 'या अली मदद'ला ते त्याच अर्थानं घेतात.

प्रश्न : अजाननंतरच्या दुआत आपण पैगंबरांसाठीच 'वसीला' मागतो. हे कसं? (भिवंडी)

तो वसीला म्हणजे जन्नतमधला एक दर्जा. मुस्लिममधल्या हदीसीनुसार तो अल्लाहच्या एकाच बंद्याला मिळेल, आणि 'तो मी असेन अशी मला आशा आहे' असं पैगंबर (स.) म्हणाले. क्रमही त्याच हदीसीत आहे : मुअज्जिनच्या (अजान देणाऱ्याच्या) मागोमाग त्याचे शब्द म्हणा, मग दरूद, मग वसील्याची दुआ. 'हय्या अलस्सलाह' आणि 'हय्या अललफलाह' या दोन्हींना मात्र 'ला हौल वला कुव्वत इल्ला बिल्लाह' म्हणायचं. दरूद वगळून थेट दुआवर जाणं ही नेहमीची चूक. बुखारीत या दुआबद्दल वचन आहे की म्हणणाऱ्याला शफाअत लाभेल. आपल्याकडच्या मशिदींतल्या छापील तक्त्यांवर 'वद्दरजतर्रफीअः' आणि 'वर्जुक्ना शफाअतहू' हे तुकडे असतात. बुखारीच्या पाठात ते नाहीत. शेवटचं 'इन्नक ला तुख्लिफुल मीआद' बैहकींच्या संग्रहात येतं.